झाकून ठेवलेला अजगर

संजीवला काडीचा धीर नाही, आणि बापाच्या घराण्यात तो कुणालाच नव्हता, असं उषाबाईंचं मत होतं. दर तासाला हा पेटीचं झाकण उघडणार, आत डोकावणार आणि सुस्कारा सोडून पुन्हा लावणार. आयर्लंडमधल्या ल्यूकनच्या त्या घरात, बैठकीच्या कोपऱ्यात, त्याने आखूड शेपटीचा अजगर पाळला होता. अंग मनगटाएवढं जाड, रंग विटेचा, आणि शेपूट मध्येच कुणीतरी विसरून गेल्यासारखं संपलेलं. आणल्याला दहा आठवडे झाले, पण त्याने तोंडात काही घेतलं नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी वजन करून सांगितलं होतं, महिन्याभरात खाल्लं नाही तर नळीने भरवावं लागेल, आणि त्यातून जगेलच असं नाही.

संजीव रोज संध्याकाळी फ्रीजरमधल्या मटाराच्या पिशवीमागून गोठवलेला उंदीर काढायचा, कोमट पाण्यात सोडायचा आणि चिमट्यात धरून अजगराच्या नाकापुढे नाचवायचा. अजगर तोंड फिरवायचा. मग हा त्याला उचलून फोटो काढायचा आणि मोबाईलवरच्या अजगरवाल्यांना सल्ला विचारायचा.

"अरे, जरा एकटं सोड की त्याला," उषाबाई म्हणाल्या.

"आई, तुला काय कळतं यातलं? चौथी पास तू."

"चौथी नापास. खोटा मोठेपणा नको मला."

पण इस्लामपूरजवळच्या वस्तीवर चाळीस वर्षं त्यांनी कोंबड्या पाळल्या होत्या. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की वरून टोपली झाकायची आणि पोरांना दटावून लांब ठेवायचं. सारखं कुणी डोकावलं की ती अंडी टाकून उठते. हे कळायला शाळा लागत नाही.

ऑफिसच्या कामासाठी संजीव दोन आठवडे वॉटरफोर्डला गेला. सून अनुयाने अजगरापुढे पहिल्याच दिवशी हात जोडले होते, म्हणून त्याने स्वरालीला, आपल्या लेकीला, बजावलं: आजीला रोज उंदीर द्यायला लावायचं, रोज फोटो पाठवायचा.

तो गेला त्याच दुपारी उषाबाईंनी पेटीत एक फुटकं कुंडं उपडं घातलं, पेटीवर जाड चादर टाकली आणि पाण्याखेरीज कशाला हात लावू दिला नाही, फोटोही काढू दिला नाही.

"डॅड विल बी रेजिंग, आजी," स्वराली म्हणाली.

"चिडू दे. चिडून काय अंडं घालणार आहे?"

बाराव्या दिवशी त्यांनी उंदीर कोमट केला, नाक मुरडत कुंड्याच्या तोंडाशी ठेवला, चादर ओढली आणि निघून गेल्या. सकाळी उंदीर नव्हता. अजगराच्या पोटाला फुगवटा आला होता. उषाबाईंनी फोन लावला. "खाल्लं त्याने. आता आठवडाभर हात लावायचा नाही."

दोन दिवसांनी संजीव परतला, तो किलकेनीच्या मेधा आणि रामकृष्ण या दोस्तांना जेवायला बोलावूनच. पाहुणे आले की पोराला मध्ये उभं करून पाढे म्हणायला लावायचे, ही उषाबाईंच्या घरची रीत. संजीवलाही लहानपणी करायचे तसं. त्यानंतर त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही, हे उषाबाईंना अजून आठवत होतं. त्याला बहुधा आठवत नव्हतं.

"एकदाच, आई. ग्रँड आहे तो आता," म्हणत त्याने चादर काढली, कुंडं उचललं. "रोज देत राहिलो ना, शेवटी जमलं," हे पाहुण्यांना.

पोळी तव्यावर टाकून उषाबाई धावल्या, तोवर अजगर मेधाच्या मांडीवर होता आणि रामकृष्ण फोटो काढत होता. अजगराने मान ताणली, जबडा वासला, आणि अर्धवट विरघळलेला उंदीर गालिच्यावर पडला. तो वास आल्यावर कुणी जेवायला थांबलं नाही.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आता तीन आठवडे काहीच द्यायचं नाही, आणि एवढ्या रोडावलेल्या जनावराला ते कितपत झेपेल सांगता येत नाही.

संजीव गुडघ्यांवर बसून गालिचा पुसत होता. "उंदीर मोठा दिलास तू बहुतेक," तो म्हणाला.

उषाबाईंनी पेटी दोन्ही हातांनी उचलली. आत अजगर ओल्या सुंभासारखा पडला होता.

"संजीव, तुला जीव पाळायचा नाही. तुला लोकांना दाखवायला जीव लागतो. आजपासून ही पेटी माझ्या खोलीत राहील, आणि त्या दाराला तू हात लावायचा नाहीस. जगलं तर तुझ्यावाचून जगेल. मेलं, तर तुझ्यामुळे मेलं असं मी विचारील त्याला सांगेन."