येतो म्हण

फोन ठेवला तरी शवागाराचा कारकून वहीकडे बघतच बसला. सहा वर्षांनी धाकट्या बहिणीचा फोन, आणि बोलणं काय, तर "दादा, परवा भाऊबीज. जेवायला ये." बस्स! ना खुलासा, ना रडणं.

"पाणी कुठंतरी मुरतंय," तो शववाहिनीच्या ड्रायव्हरला म्हणाला.

"मुरणारच. काम असल्याशिवाय यमाला कोण बोलावतं?" ड्रायव्हर हसला. अख्खं हॉस्पिटल कारकुनाला यमच म्हणायचं.

आता निघताना आपण सगळे 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणणं अशुभ. पण मढ्यांच्या खोलीची चावी ज्याच्या खिशात, त्यानं कुणाच्या दारात 'येतो' म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येणार की नाही? म्हणून हा नुसतं 'बरंय' म्हणून निघायचा. वीस वर्षांत एकदाच जीभ घसरली, तीही बहिणीच्या दारात. आठव्या दिवशी तिची सासू याच्याच वहीत! कावळा बसायला आणि फांदी तुटायला, दुसरं काय? पण मेहुणे म्हणाले, "आलात, नेलंत, आता पुरे." बहीण मान खाली घालून गप्प उभी राहिली, ते त्याला जास्त लागलं. रक्ताचं माणूस म्हणून ती एकटीच तर उरली होती.

मग आत्ताच प्रेम कुठून उतू चाललं? कुणाच्या तरी मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख बदलून हवी असणार. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! तरी त्यानं शर्टाला इस्त्री केली.

दार मेहुण्यांनीच उघडलं. "या, या!" हाकलून देणारा माणूस चपला ठेवायला स्वतः जागा करून देतोय, हे कारकुनानं मनात टिपलं. टेबलावर एक पिवळं पाकीट होतं. त्याची नजर गेली तसं मेहुण्यांनी ते घाईनं उलटं करून ठेवलं. अस्सं!

बहिणीनं ओवाळलं.

"लहानपणी यम-यमुनेची गोष्ट मला शंभरदा सांगायला लावायचास," ती वाढता वाढता म्हणाली. "यमुना सारखी बोलावणी धाडायची, आणि यम काही जायचा नाही. त्याला वाटायचं, मी पाऊल टाकीन तिथं रडारड, मला कोण घरात घेतंय? एकदा गेला. तिनं ओवाळलं, पोटभर वाढलं. इतका खूष झाला की त्या दिवशी नरकातल्यांनाही सुट्टी दिली. म्हणून तर बहिणीच्या हातचं जेवलं की यमाचं भय नाही म्हणतात. मग तो म्हणाला, माग काय हवं ते. तिनं मागितलं..."

"दरवर्षी ये म्हणाली. ठाऊक आहे," त्यानं मध्येच तोडलं. "तुला काय हवंय ते बोल. कुणाचा दाखला अडलाय?"

मेहुण्यांनी मान खाली घातली. बहिणीनं पाकीट पुढं सरकवलं.

आतल्या रिपोर्टवर सवयीनं त्यानं आधी नाव पाहिलं. नाव तिचंच होतं. पोटात गाठ, सोमवारी ऑपरेशन. त्यानं नाव पुन्हा वाचलं, जणू आपलीच वाचायची चूक झाली असेल.

"म्हणजे यमाला आधीच जेवू घालायचं?" त्याचा आवाज चिरकला. "लाच देतेस मला? अगं, मी कारकून आहे! नुसती चावी सांभाळतो!"

"हो, देतेय लाच!" ती रडायलाच लागली. "भीती वाटते रे मला. तेव्हा गप्प राहिले, ते चुकलंच माझं. पण आता दुसरं कुणाला बोलावू?"

त्यानं ताटातलं सगळं संपवलं, हात धुतले, चपला घातल्या.

"बरंय," तो म्हणाला.

ती दारात आडवी झाली. "असं नाही. येतो म्हण."

"वेडी आहेस का? मागच्या वेळी..." त्यानं मेहुण्यांकडं पाहिलं. मेहुण्यांनी हात जोडले होते.

"पुढच्या भाऊबीजेला येतो म्हण, दादा. तू येणार म्हटल्यावर ओवाळायला मी असायलाच हवी ना?"

त्यानं पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली.

"येतो," तो म्हणाला. मग कुणी बहिरं ऐकत असल्यासारखा मोठ्यानं म्हणाला, "पुढच्या भाऊबीजेला येतो. आणि आमटीत मीठ जरा बेतानं घाल."