बाई रजेवर

आमच्या सूनबाईंनी, म्हणजे केतकीनं, दिवाळीच्या तोंडावर जाहीर केलं, की आमच्या नातीला, ऋजुताला, शाळेतून काढायचं आणि घरीच शिकवायचं. मी चहा पीत होतो. बशी खाली ठेवली. या घरात माझं मत सगळ्यात शेवटी विचारतात, आणि तेवढ्यात बहुधा निर्णय झालेला असतो.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पोर आठ वर्षांची. वारज्याच्या त्या चकचकीत शाळेची बस दिसली की रोज तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. आमच्याकडे आली असताना दुखलं, तर तिची आजी पाण्यात हिंग कालवून बेंबीभोवती लावायची आणि पोरीला मांडीवर घेऊन बसायची. दुखणं खरं की खोटं, हे कधी विचारायची नाही.

प्रश्न एवढाच होता, की शिकवणार कोण? मुलगा हिंजवडीला, केतकीचीही नोकरी.

"मी आहे ना," आमची ही म्हणाली.

ही म्हणजे मंदाकिनी. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलंन. निवृत्त झाली, पण जित्याची खोड कुठे जाते? ठरलं असं, की दिवाळीची सुट्टी आणि पुढे थोडे दिवस ऋजुता नारायण पेठेत आमच्याकडे राहील. जमलं तर शाळेतून दाखला काढायचा.

सोमवारी बैठकीच्या खोलीत फळा लागला. हिनं इस्त्रीची साडी नेसली, देवघरातली घंटा वाजवली, प्रार्थना घेतली आणि हजेरी सुरू केली. वर्गात विद्यार्थी एक.

"ऋजुता सुधन्वा आगाशे."

"हजर."

"दिगंबर आगाशे हजर," मी पेपराआडून म्हणालो.

"पालकांनी वर्गात थांबू नये," ही म्हणाली.

मी गॅलरीत गेलो.

तिथूनच ऐकू आलं, "तासाला आजी म्हणायचं नाही. बाई म्हणायचं. लाडात अभ्यास होत नाही." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कित्येक वर्षांनी ही इतकी खुशीत होती, ते पाहून मला मनापासून बरं वाटत होतं.

आणि जमलंही. पाढे पाठ झाले, अक्षर सुधारलं. शनिवार-रविवारी केतकी यायची आणि म्हणायची, "बघा बाबा, किती शांत झालीये." शांत झाली होती खरी. हळूहळू ती जेवतानाही हात वर करून विचारायला लागली, "बाई, वरण घेऊ?" आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

दाखल्याचं पक्कं करायला केतकी संध्याकाळी येणार होती, त्या दिवशीची गोष्ट. सकाळच्या तासाला ऋजुतानं हात वर केला.

"बाई, पोटात दुखतंय."

"तास संपला की सांग. आधी भागाकार पुरा कर."

कोणतीही बाई हेच म्हणाली असती. वर्गात रोज कुणाचं ना कुणाचं पोट दुखतच असतं. पोरीनं भागाकार पुरा केला. मधल्या सुट्टीत डबा घेऊन गॅलरीत माझ्या शेजारी येऊन बसली, पण डबा उघडेना.

"दुखतंय का अजून? आजीला सांगितलंस?"

"बाईंना सांगितलं."

"मग आता आजीला सांग की."

"आजोबा, तिकडे शाळेत दुखायचं ना, तेव्हा मला माहीत असायचं, सुट्टी लागली की आजीकडे जायचंय. आता आजीकडेच शाळा आहे. आता दुखलं तर मी कुठे जाऊ?"

मान वर केली तर दारात मंदाकिनी उभी होती, हातात पोरीसाठी आणलेलं पाण्याचं भांडं. सगळं ऐकलं होतंन. हिला चिडलेली मी हजारदा पाहिली आहे. इतकी खजील झालेली कधीच नाही. फार वाईट वाटलं मला, दोघींसाठी.

ती आत गेली. मला वाटलं, आता घंटा होणार. घंटा झाली नाही. ती हिंगाची वाटी घेऊन बाहेर आली, गुडघे धरत खाली बसली आणि पोरीला मांडीवर ओढलंन.

"बाई, पण तास आहे ना?"

"बाई रजेवर गेल्यात."

"कधी येणार?"

"नाही येणार. मी आजी आहे. फ्रॉक वर कर बघू."

संध्याकाळी केतकी आली. "दाखला काढ," मंदाकिनीनं सांगितलं, "पण दुसऱ्या शाळेत घालायला. इथे पेठेत लहानशी शाळा बघू. सुटली की माझ्याकडे येईल, तुम्ही येईपर्यंत राहील."

"पण आई, तुम्ही इतकं छान शिकवता."

"शिकवायला पुष्कळ जणी मिळतील. आज्या दोनच, त्यातली एक नागपूरला."

केतकीनं सासूबाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. फळा उतरवण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

रात्री पानं मांडली. ऋजुताचा हात सवयीनं वर गेला. तिनं आजीकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला.

"आजी, वरण वाढ."