उघड्या पत्र्यावरचा हात

धुळ्यात हायवेला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. शिकाऊ असताना पत्रा कापायच्या कातरीत उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर गेलं, तरी पत्र्यावर माझ्यासारखा हात फिरवणारा दुसरा दाखवा, असं मी छातीठोकपणे सांगायचो.

आमच्या धंद्यात एक गोष्ट कधी करायची नाही. जुना रंग काढला, गंज घासला, थिनरने पुसून पत्रा पांढरा केला, की मग त्याला उघडा हात लावायचा नाही. घामात मीठ असतं. वरून प्रायमर मारा, पुट्टी भरा, रंग चढवा, ते मीठ आत बसून पत्रा खात राहतं.

माझा धाकटा भाऊ नवल घामट हातांचा. म्हणून त्याची बायको सारिका हिने जुन्या लुगड्याचे हातमोजे शिवून दिले होते. तरी एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही रंगवलेल्या एका जीपचं बॉनेट चार महिन्यांत फुगलं. जीपच्या मालकाने चारचौघांत माझी अब्रू काढली. मी नवलला काही विचारलं नाही, सरळ मुस्काटात ठेवून दिली.

"भाऊ, आईनी आन, मी हात लाया नही," तो आईची शपथ घेत म्हणाला.

मी त्याला हाकलून दिलं. हातमोजे भिंतीवरच्या खिळ्यावर तसेच राहिले. त्याच वर्षी भुसावळला परक्याच्या गॅरेजात राबता राबता तो काविळीने गेला. मी पोहोचलो तेव्हा सरण पेटलेलं होतं.

तेव्हापासून उघडा पत्रा पुसायला घेतला की मागून नवलचं तेच वाक्य ऐकू येतं. वळून बघावं तर खिळ्यावर हातमोजे. वारा नसताना ते हलतात, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लोक हसतील.

गेल्या महिन्यात सावद्याचा योगेंद्र त्याच्या आजोबांची फियाट घेऊन आला. मी गाडी लगेच ओळखली. जीप आणि ही फियाट, दोघींचा पत्रा आम्ही एकाच दिवशी उघडा केला होता. एकोणीस वर्षं केळीच्या गोदामात झाकून ठेवलेली, त्यामुळे रंग बऱ्यापैकी टिकलेला. फक्त टपावर फोड आले होते.

भरदुपारी मी टपाचा रंग काढला आणि खाली गंजाचा पंजा निघाला. अख्खा, पाची बोटांचा. माझ्या अंगावर काटा आला. पण खरं सांगतो, भीतीच्या मागोमाग आनंद झाला. सापडला पुरावा! मधलं बोट जरा तोकडं वाटलं, पण तिथला रंग निघायचा असेल म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं.

सारिका मागच्याच गल्लीत राहते. नवल गेल्यापासून माझ्याशी बोलत नाही. मी तिला बोलावणं धाडलं. एकोणीस वर्षं तिच्या लेखी मी खुनी आणि तो संत, असं चाललं होतं. एकदा सोक्षमोक्ष लागू दे.

ती आली, डोक्यावर पदर, नजर खाली. जेठासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, कायम तशीच उभी राहिलेली बाई.

"देख, हाऊ तुना नवऱ्याना हात शे," मी म्हणालो.

तिने टपाकडे बराच वेळ पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"नाना, तुमना हात ठेवा यावर."

मी ठेवला. अंगठा बसला. करंगळी बसली. मधलं बोट, जिथे माझं पेर तुटलंय, तिथेच गंजातलं बोटही तुटलेलं होतं.

मी चाकाशी मटकन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. सारिकाने खिळ्यावरचे हातमोजे काढले, फडक्यासारखे झटकले, घडी करून पदरात बांधले आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी तो पंजा घासून काढला, थिनरने पत्रा पुसला आणि मागे कान देऊन उभा राहिलो.

"नवल, मीच हात लाया व्हता," मी मोठ्याने म्हणालो.

मागून काहीच ऐकू आलं नाही. मी वळून पाहिलं. भिंतीवर रिकामा खिळा होता.