आभारापुरते जुने बूट

इत्झेलच्या नव्या बुटांबद्दल शाळेतून फोन आला, तेव्हा तिची आई येसेनिया काउंटरवर बसून एका गृहस्थांची हकिगत ऐकत होती. ते गाडी अगदी सावकाश चालवत होते आणि खांबच समोरून आला, असं त्यांचं म्हणणं होतं. येसेनिया बरासा ॲरिझोनातल्या मेसा गावी, ठोकलेल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला आहे. त्या दुकानात रोज खांब चालतात, भिंती अंगावर येतात आणि निवडुंग न बघता रस्ता ओलांडतात. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं बसलेल्या बाईचा माणसांवर विश्वास उरत नाही, आणि खांबांवरही.

फोन प्रुइट बाईंचा होता. त्या शाळेतल्याच ‘उघडं फाटक’ शिष्यवृत्ती निधीच्या संचालिका. निधीच्या कार्यालयाला फाटक आहे, त्याला आकडे दाबायचं कुलूप आहे, आणि आकडे फक्त बाईंना ठाऊक आहेत.

“येसेनिया, कशी आहेस? इत्झेलचे नवे बूट पाहिले हो मी. काय गोड आहेत!”

“सेलमध्ये मिळाले,” येसेनिया घाईने म्हणाली. का म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही. चोरी पकडल्यासारखं झालं खरं.

“छानच आहेत. फक्त रविवारी देणगीदारांच्या आभार-भोजनाला जुने घाल हं तिला.”

“जुने तिला होत नाहीत आता.”

“अगं, तासाभराचा तर प्रश्न आहे. पोस्टरमध्ये जुने आहेत ना. पाहुण्यांचा उगाच गोंधळ नको.”

पोस्टर म्हणजे सेंट अपोलोनिया अकॅडमीच्या दारात लावलेलं, दुमजली घराएवढं. त्यात इत्झेल गंजक्या जाळीच्या कुंपणाला धरून उभी आहे आणि खाली लिहिलंय, ‘तुमच्यामुळे’. फोटो काढायला माणूस घरी आला होता, पण बरासांच्या घराला कुंपणच नव्हतं. दारात बोगनवेल होती, ती फार खुशालचेंडू दिसते म्हणाला. मग तो इत्झेलला गाडीत घालून कुंपण शोधत गावभर फिरला. मनासारखं गंजकं कुंपण शेवटी गोल्फच्या मैदानाच्या मागच्या बाजूला सापडलं.

ही शिष्यवृत्ती येते कुठून, ते सांगायला हवं. आमच्याकडे ॲरिझोनात असा कायदा आहे की, सरकारला द्यायचा कर तुम्ही शाळांच्या शिष्यवृत्ती निधीला दिलात, तर सरकार तेवढा कर सोडून देतं. म्हणजे माणूस दानशूर होतो आणि खिसा होता तसाच राहतो. शिवाय पैसे देताना एखाद्या मुलाचं नाव सुचवता येतं. स्वतःच्या मुलाचं सोडून. हे शेवटचे तीन शब्द लक्षात ठेवा.

शाळेबद्दल इत्झेलची तक्रार नव्हती. शाळेच्या गच्चीवर घुमट होता आणि घुमटात मोठी दुर्बीण. आठवीत गेलं की हुशार मुलाला घुमटाची किल्ली वर्षभर मिळते. इत्झेल सातवीत होती. ती किल्ली तिच्या डोक्यात इतकी बसली होती की जेवतानाही ती वर बघायची. वर फक्त पंखा होता.

“दुपारभर गरीब दिसायचं, एवढंच ना?” रात्री जेवताना रिगो म्हणाला. रिगो म्हणजे येसेनियाचा नवरा. लोकांची घरं गार करणारी यंत्रं तो बसवतो. “आपला तर सरावच आहे.”

“पण आपल्याच पोरीने का आभार मानायचे? दर वर्षी एकटीच चढते स्टेजवर. बाकी शिष्यवृत्तीची मुलं कुठायत?”

“असतील कुठेतरी.”

“मी विचारलं प्रुइट बाईंना. म्हणाल्या, त्यांच्या खासगीपणाचा प्रश्न आहे. त्यांना खासगीपण आणि आपल्याला दुमजली पोस्टर?”

“तुला दुकानामुळे सगळीकडे पोचे दिसतात,” रिगो म्हणाला आणि आणखी घेवडा वाढून घेतला.

इत्झेल भाषण पाठ करत होती. ते प्रुइट बाईंनी लिहून पाठवलं होतं. “‘मेणबत्तीच्या उजेडात मी अभ्यास करायचे,’” ती म्हणाली आणि थांबली. “आई, आपल्याकडे मेणबत्ती कधी होती?”

“तुझ्या वाढदिवसाला.”

“मग अभ्यास केला होता का मी?”

“केक खाल्लास. दोन वेळा.”

दुसऱ्या दिवशी येसेनिया मुलीला आणायला गेली. शाळा सुटायच्या वेळी दारापासून कोपऱ्यापर्यंत गाड्यांची रांग लागते. तिचा जुना ट्रक शेवटी होता. पुढच्या पांढऱ्याशुभ्र गाडीतून दाताच्या डॉक्टरांची बायको केंड्रा व्हिटलॉक उतरली, तिच्या पुढच्या गाडीच्या खिडकीशी गेली आणि आतल्या बाईला तिच्या मुलाचं पूर्ण नाव विचारून फोनवर टिपू लागली. मग आतल्या बाईने केंड्राच्या मुलाचं पूर्ण नाव टिपलं. मग दोघींनी खिडकीतूनच मिठी मारली.

येसेनिया ताठ बसली. तिच्या धंद्यात दोन माणसं एकमेकांची पूर्ण नावं लिहून घेतात ती भांडण झाल्यावर. नावं लिहून घेऊन मिठी मारली, की समजायचं विमा कंपनीला कुणीतरी गंडवतंय.

तेवढ्यात केंड्रा तिच्याच खिडकीशी आली.

“हाय! तुमचं कुणाशी ठरलं का हो या वर्षीचं?”

“काय ठरलं?”

“कराचं. आमचं स्ट्राउडांशी आहे. आम्ही त्यांच्या मुलाच्या नावाने देतो, ते आमच्या टकरच्या नावाने. माझ्या बहिणीचा धाकटा उरलाय फक्त. त्याला घ्याल? म्हणजे ती तुमच्या मुलीला घेईल.”

येसेनियाने खिडकीची काच आणखी खाली केली. “तुमचा टकर शिष्यवृत्तीवर आहे?”

“छे हो!” केंड्रा हसली. “शिष्यवृत्तीवर नाही. मिळते फक्त. इथे सगळ्यांनाच मिळते.” मग तिने हळू आवाजात सांगितलं, “अदलाबदल म्हणायचं नाही हं. ती बेकायदा आहे. आम्ही मैत्रीखातर करतो.” आणि मग तिने येसेनियाचा चेहरा नीट पाहिला, ट्रक पाहिला. “अय्या! तुम्ही पोस्टरच्या आई का? सॉरी, सॉरी. तुमचं वेगळं असतं ना.”

वेगळं म्हणजे काय, ते विचारायच्या आत रांग सरकली.

त्या संध्याकाळी नणंद नोएमी आली होती, मुलीला घेऊन. तिची दामारिस इत्झेलच्याच वयाची. ‘उघडं फाटक’कडे नोएमीने दर वर्षी अर्ज केला आणि दर वर्षी फोनवर गोड आवाजात एकच उत्तर मिळालं, निधी संपला. दामारिसच्या सरकारी शाळेचा निधीही संपलेला असतो. तिथे विज्ञान शिकवायला व्यायामाचे मास्तर आहेत. ते प्रकाशाचा वेग सांगतात आणि मग मुलांना पळायला लावतात.

येसेनियाने रांगेतली गोष्ट सांगितली. नोएमीने टोर्तिया अर्धवट शेकलेली तव्यावरच ठेवली.

“म्हणजे माझ्या पोरीच्या वाटचं डॉक्टरचा पोरगा खातो?”

“तुझ्या पोरीचं नाव टिपून घ्यायला कुणी नव्हतं, वन्सं. आपल्या ओळखीत एवढा कर भरायचाच कोणाला असतो?”

“आणि वहिनी, तुमची इत्झेल कशाला ठेवलीय मग?”

“पोस्टरला,” येसेनिया म्हणाली. “डॉक्टरचा पोरगा कुंपणाशी उभा केला तर कोण रडेल?”

रिगोने पहिल्यांदाच घास खाली ठेवला. “बोलायचं नाही हां कुणी. बोललो की इत्झेल बाहेर. किल्ली गेली, दुर्बीण गेली. आपण बोललो म्हणून दामारिस आत जाणार आहे का?”

इत्झेल आणि दामारिस दारात बसून कोपराने एकमेकींना ढकलत होत्या. दोघींनी सगळं ऐकलं होतं. टोर्तिया जळली.

रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात कोंबडी, बटाटे आणि बर्फाचा चहा होता. प्रत्येक कुटुंब मुलांसकट आलं होतं. बरासांना पाहुण्यांचं एक जादा ताट मिळालं होतं, म्हणून येसेनियाने दामारिसला आणलं. स्टेजवर चढण्याआधी इत्झेलने आईच्या कानात विचारलं, “मला जे वाटतं ते बोलू?”

येसेनियाने नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता.

“किल्लीचं काय?” ती म्हणाली.

“तेच तर. मी काल रात्रभर किल्लीचाच विचार केला.”

“मग बोल,” येसेनिया म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं की आपण पोरीचं वाटोळं केलं.

इत्झेल लंगडत चढली. बूट भयंकर चावत होते. माईकपाशी पोचल्यावर तिने ते काढून शेजारी ठेवले. अनवाणी पाय बघताच पहिल्या टेबलावर रुमाल निघाले. प्रुइट बाईंनी हात जोडले. हे त्यांना सुचलं नव्हतं आणि त्याचं त्यांना वाईट वाटत असावं.

“मला नवे बूट आहेत,” इत्झेल म्हणाली. “घरी आहेत. हे होत नाहीत, पण बाई म्हणाल्या हेच घाल. मेणबत्तीचं पण खोटं आहे. आमच्याकडे लाइट आहे.”

रुमाल जागच्या जागी थांबले.

“पण शिष्यवृत्ती खरी आहे. तिचे आभार मानायला मी एकटी पुरत नाही. ज्यांना ज्यांना ती मिळते, त्यांनी वर या ना. सगळे मिळून मानू.”

सभागृहात फक्त बर्फ वाजला. प्रुइट बाई उठू लागल्या, पण त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्याची फीत खुर्चीत अडकली आणि तेवढ्यात टकर व्हिटलॉक उभा राहिला. त्याच्या तोंडात बटाटा होता. केंड्राने त्याचा कोट मागून ओढला.

“बस खाली!”

“पण मला मिळते ना, मम्मी? तूच म्हणालीस.”

तो निघाला. त्याच्यामागे स्ट्राउडांचा मुलगा निघाला. मोठ्या माणसांनी मुलांना सांगितलं होतं की शिष्यवृत्ती म्हणजे मान असतो. ती लपवायची असते, हे सांगायचं राहून गेलं होतं. मग प्रत्येक टेबलावरून मुलं उठली. हृदयरोगतज्ज्ञांच्या जुळ्या मुली आल्या, घरं विकणाऱ्यांचा मुलगा आला. स्टेज एका गरीब मुलीच्या मापाने बांधलेलं होतं. मुलं पायऱ्यांवर उभी राहिली, पियानोवर बसली. खाली टेबलांवर नुसते आईबाप उरले, कोंबडीसमोर.

“आता मानू या,” इत्झेल म्हणाली. “कुणाचे?”

“माझ्या बाबांचे!” एक लहानगी ओरडली.

“नाही गं,” टकरने तिला समजावलं, “स्वतःच्या बाबांचे नाही चालत. तू माझ्या बाबांचे मान, मी स्ट्राउड काकांचे मानतो.”

“थँक यू, स्ट्राउड काका!”

“थँक यू, डॉक्टर व्हिटलॉक!”

पोरांना खेळच सापडला. कोण कुणाचे आभार मानतंय ते बोटं दाखवून ओरडून सांगू लागले. बोटं या टेबलावरून त्या टेबलावर, त्या टेबलावरून परत या टेबलावर. ज्याच्याकडे बोट वळेल तो गृहस्थ चहाच्या ग्लासात बघू लागे.

गलका ओसरल्यावर इत्झेलने खाली हात केला. “ती माझी आतेबहीण, दामारिस. तिला दर वर्षी सांगतात निधी संपला. तिने कुणाचे आभार मानायचे?”

दामारिस उभी राहिली. तिला काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून ती नुसती उभी राहिली. तिच्याकडे बोट दाखवायला कुणी नव्हतं, आणि तिने कुणाकडे दाखवलंही नाही.

त्या दुपारी गोड पदार्थ वाढलाच गेला नाही.

सोमवारी पोस्टर उतरलं. त्याच आठवड्यात प्रुइट बाईंचा फोन आला. आवाज होता तसाच गोड. पुढच्या वर्षीसाठी निधी संपला होता. “तुम्ही लोक समजूतदार आहात,” त्या म्हणाल्या. “आहोत,” येसेनिया म्हणाली, “पण आता समजलंय.” ऑगस्टमध्ये इत्झेल दामारिसच्या शाळेत गेली आणि प्रकाशाच्या वेगाने पळू लागली. रिगो महिनाभर बायकोशी मोजकंच बोलला. मग एके दिवशी राजधानीत या कायद्यावर सुनावणी आहे असं कळलं, तेव्हा न विचारता त्याने ट्रक काढला आणि बायकोला व दोघी मुलींना नेलं. येसेनिया तिथे बोलली. एका आमदारांनी विचारलं, तुम्हाला हा संशय कशावरून आला? ती म्हणाली, “त्यांनी मिठी मारली म्हणून.” आमदारांना काही कळलं नाही. पुढच्या सुनावणीला ती परत जाणार आहे, आणि कळेपर्यंत जाणार आहे.

घुमटाची किल्ली टकरला मिळाली. तो इत्झेलला मेसेज करतो, ‘शनीला कडी असते म्हणतात, मला ठिपकाच दिसतो, काय फिरवू?’ आणि इत्झेल अंगणात उभी राहून, डोळे वर करून, त्याला काय फिरवायचं ते सांगते.

या वसंतात नोएमीला फोन आला. ती तेव्हा येसेनियाच्याच स्वयंपाकघरात होती.

“दामारिससाठी जागा निघाली आहे,” प्रुइट बाई म्हणाल्या. “फक्त एक विचारायचं होतं. तिच्याकडे जुने बूट आहेत का?”

नोएमीने फोनवर हात ठेवून वहिनीकडे पाहिलं. येसेनियाला नेहमी बोलायला काहीतरी असतं. या वेळी ती कांदा चिरत राहिली. पोर तिची नव्हती. नोएमी खुर्ची ओढून बसली. तिला ती शाळा हवी होती. अजूनही हवी आहे.

“आहेत की,” ती शेवटी म्हणाली. “बाकीची सगळी मुलं तिच्याबरोबर स्टेजवर उभी राहणार असतील, तर घालीन. राहणार आहेत का?”

“आम्ही कळवतो,” बाई म्हणाल्या. अजून कळवलेलं नाही.

यंदाचं पोस्टर मात्र वेळेवर लागलं. मूल मिळालं नाही, म्हणून नुसतं कुंपण छापलंय आणि खाली तेच, ‘तुमच्यामुळे’. आधी इत्झेलच्या मागे झाकलेलं होतं ते आता जाळीतून सगळं दिसतं. गोल्फच्या मैदानाचं हिरवंगार गवत, छोटा झेंडा, आणि वाकून नेम धरलेले डॉक्टर व्हिटलॉक.