काका, गुलाबी बाटल्या संपत आल्या

टिंग! दचकू नका, मीच बोलतेय. मी एक सूचना. भिंतीवर चिकटवतात ती नव्हे. दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये बसवतात आणि वेळ आली की आपोआप फोनवर वाजते, ती. माझ्यासारख्या कितीतरी जणींना तुम्ही रोज अंगठ्याने बाजूला सारता. सारा बापडे! पण आज जरा ऐकून घ्या.

माझा जन्म एका औषधांच्या दुकानात झाला. पुढे काउंटर, मागे गोदाम, वर माळ्यावर ऑफिस. त्या दुकानात एक गुलाबी बाटली मिळते. लहान मुलांना फिट येऊ नये म्हणून द्यायचं औषध आहे ते. खप अगदी नावाला, त्यामुळे आसपासचं दुसरं कुठलंच दुकान ती ठेवत नाही. नेणारी बाई एकच, आपल्या लेकीसाठी. दुकानात तिला सगळे 'गुलाबी बाटलीवाली'च म्हणतात.

एकदा बाटल्या संपल्या आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही. बाई रिकाम्या हाताने परत गेली. मुलीला वर्गात फिट आली, बाकावरून पडली, कपाळाला टाके पडले. हे कळल्यावर मालकांना जेवण गेलं नाही. त्यांनी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ताईंना बोलावलं.

"हे पुन्हा होता कामा नये. माणूस विसरला तरी यंत्राने ओरडलं पाहिजे."

मग ताईंनी मला घडवलं. कुठली वस्तू, किती उरली की वाजायचं, कोणाला सांगायचं, काय सांगायचं, एवढीच काय ती माझी हाडंमांसं. 'कोणाला' या रकान्यापाशी ताई थांबल्या.

"खरेदीच्या काकांना. आणखी कोणाला?" मालक म्हणाले.

"अजून एखादं नाव घालून ठेवू का?"

"काका असताना? कशाला?"

काका म्हणजे दुकानाची सगळी खरेदी बघणारे. केस तिथेच पांढरे झालेले. ताईंनी माझ्या तोंडी आधी काहीतरी 'साठा किमान मर्यादेखाली' वगैरे घातलं होतं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "ताई, मला माणसासारखं सांगा की." मग माझं वाक्य ठरलं: 'काका, गुलाबी बाटल्या संपत आल्या. मागवा.' मला ते फार आवडलं. माझ्या जातीत असं नातं लावून बोलायला कोणाला मिळतं हो?

माझ्याखाली एक बटण होतं, 'बघितलं'. काकांनी ते दाबलं की काम झालं असं समजून मी गप्प व्हायचं आणि ऑफिसच्या पडद्यावर हिरवी खूण उमटायची. नाहीच दाबलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजायचं, आणि तरीही नाही तर थेट मालकांच्या फोनवर. काका आधी बाटल्या मागवायचे, मगच बटण दाबायचे. कधी चुकले नाहीत.

माझा गुण आला तसा मालकांना सूचनांचा नादच लागला. प्रिंटरचा कागद संपला, वाजव. गोदामाचं दार उघडं राहिलं, वाजव. माझ्या बहिणींनी नुसता उच्छाद मांडला. त्या सगळ्यांच्याच फोनवर जायच्या, म्हणून कोणीच बघायचं नाही. हळूहळू एकेकाने त्यांचे आवाज बंद केले. मी मात्र एकट्या काकांची होते, त्यामुळे माझा मान टिकला. तेव्हा मी जरा मिरवायचे, खोटं कशाला बोलू?

मग काका निवृत्त झाले. मालकांनी भाषण करून त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांच्या जागी एक तरुण आला. त्याला खुर्ची मिळाली, किल्ल्या मिळाल्या, पुरवठादारांचे फोन नंबर मिळाले. मी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. मला खुर्ची कुठे कळते? मला नाव कळतं. माझ्यात नाव काकांचंच होतं.

काही दिवसांनी बाटल्या कमी झाल्या आणि मी वाजले, काकांच्या स्वयंपाकघरात. काका मटार सोलत होते. हात पुसून त्यांनी फोन घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, निवृत्त झालात ना?" काकू म्हणाल्या. "ते अजून काय ठणाणा करतंय?"

"अगं, त्या नव्या मुलालाही येतच असणार. मला आपलं चुकून येतंय."

"मग कळवा की त्यांना."

"कळवलं तर बंद करतील ना!" एवढं बोलून काका लाजले आणि सवयीने 'बघितलं' दाबून मोकळे झाले.

झालं! ऑफिसात हिरवी खूण उमटली. नव्या मुलाला वाटलं, बाटल्या कोणीतरी मागवलेल्या आहेत. शेवटची एकच बाटली उरली की मी नव्याने वाजते, तशी पुन्हा वाजले. काकांनी पुन्हा हसून दाबलं. अहो, नका ना दाबू! तुम्ही नुसते स्वस्थ बसला असतात तर मी मालकांपर्यंत पोचले असते. पण मला एकच वाक्य येतं, दुसरं बोलणार कशी?

ती शेवटची बाटलीही गेली. नंतर एका सकाळी बाई काउंटरवर आली, तर फडताळ रिकामं. नव्या मुलाने पडद्यावर बोट ठेवलं. "पण इथे तर काम झाल्याची हिरवी खूण आहे!"

"खूण तुमच्या पडद्यावर आहे," बाई म्हणाली. "माझ्या घरात बाटलीचा तळ दिसतोय. आज रात्रीपुरतं औषध आहे. उद्या सकाळी पोरीला काय देऊ?"

ताईंनी मला उघडलं आणि कपाळावर हात मारला. दोन्ही वेळा 'बघितलं' काकांनी दाबलं होतं. मालकांनी फोन लावला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी येतो."

ते घरातल्या चपलांवरच आले. तोवर नव्या मुलाने इकडेतिकडे फोन करून शेजारच्या शहरात दोन बाटल्या शोधल्या होत्या. दोघे त्याच्या मोटरसायकलवरून गेले. बाई दुकानातल्या बाकावरून उठली नाही, दिलेला चहाही तिने घेतला नाही. दिवे लागायच्या सुमारास मोटरसायकल दारात थांबली. काकांनी बाटली तिच्या हातात ठेवली.

"बाई, चूक माझी. मी नुसतंच दाबत राहिलो. घरी बसल्यावर... ते 'काका' म्हणून हाक मारायचं ना, बरं वाटायचं."

"नाव मीच घातलं होतं, काका," मालक म्हणाले. बाईने बाटली उजेडात धरून बघितली, पदराने पुसली आणि घाईने घरी निघाली. रागावली होती की नाही, कळलं नाही.

त्याच संध्याकाळी ताईंनी मला पुन्हा घडवलं. आता मी खरेदीच्या खुर्चीवर जो असेल त्याला आणि मालकांना, दोघांनाही जाते. 'बघितलं' बटण काढून टाकलं. बाटल्या खरोखर फडताळावर आल्या की मगच मी गप्प होते. माझ्या वाक्यातलं 'काका' गेलं. खरं सांगते, ते काढताना मला फार वाईट वाटलं.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगणं आहे. मी वाजले की नुसता अंगठा पुढे करू नका. उठा, फडताळ बघा. आणि तुमच्याकडची एखादी माझी बहीण अजून कोणाच्या नावावर वाजतेय, तेही एकदा तपासा.

परवा बाटल्या कमी झाल्या. मी वाजले, नव्या मुलाने मागवल्या, काल खोकं आलं. खोकं फडताळावर लागलं तसा काकांच्या स्वयंपाकघरात फोन वाजला. ताईंनी माझ्यात गुपचूप आणखी एक वाक्य घालून ठेवलंय, फक्त त्यांच्यासाठी. त्याच्याखाली बटण नाही.

'काका, गुलाबी बाटल्या आल्या.'

काकांनी ते दोनदा वाचलं आणि आत हाक दिली, "अगं, आल्या गं!"