बांध कापायचा दिवस

सासऱ्यांनी करंगळी पाण्यात बुडवली, जिभेवर टेकवली आणि डोळे मिटले. सुनेने बांबू चिखलात रोवून नाव थांबवून धरली. समोर वाळूचा बांध होता आणि बांधापलीकडे समुद्र. एरवी हे काम चुटकीसरशी व्हायचं. आज त्यांनी पुन्हा करंगळी बुडवली, मग तिसऱ्यांदा.

"काय म्हणतंय पाणी, मामंजी?"

"फिरव नाव. काठावर गेल्यावर सांगतो."

रविवारपासून तिला ज्याची धास्ती होती, तेच समोर आलं होतं.

रविवारी घाईघाईत तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं. डबे सारखेच, झाकणांची अदलाबदल झालेली. स्वतःचा पहिलाच घोट तिने खिडकीतल्या कुंडीत थुंकला आणि मामंजींचा कप काढून घ्यायला धावली, तर त्यांनी तो तळापर्यंत रिकामा केला होता. "आज चहा झकास झालाय," ते म्हणाले. भाजीत मीठ चिमूटभर कमी पडलं तरी न बोलता ताट दूर सारणारा हा माणूस! थंडीत त्यांना आठवडाभर ताप होता, त्यातच जिभेची चव गेली असणार. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. आपल्याला कळलंय, हे तिनेही त्यांना कळू दिलं नाही.

दुसऱ्या कुणाची जीभ गेली असती तर लोक चार दिवस हळहळले असते आणि विसरले असते. पण या तळ्याचं सगळं मामंजींच्या जिभेवर अवलंबून होतं.

तळं म्हणजे समुद्राचाच मागे राहिलेला तुकडा. मधे वाळू साचली आणि दोघांची ताटातूट झाली. पाणी माणसाच्या कमरेइतकंच. मामंजींनी धक्क्यावर स्वतःच्या हाताने पाटी रंगवून लावली होती, 'बुडत असाल तर उभे राहा.' सहलीला आलेले लोक पाटी वाचून हसायचे, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यातलाच एखादा ती पाळून वाचायचा. पावसाने तळ्यातलं पाणी गोडं व्हायचं, पाणगवत माजायचं. मग वर्षातून एकदा बांध कापून समुद्राला आत घ्यावं लागे. खाऱ्या पाण्याने गवत मरे, भरतीबरोबर माशांची पिल्लं आत येत, पिल्लांमागे बगळे, बगळ्यांमागे दुर्बिणी गळ्यात अडकवलेली माणसं. त्या माणसांवर तिच्या बारा बोटी चालत.

कापायचं कधी, हीच खरी मेख. समुद्र वाळूखालून पाझरायला लागला की बांधालगतचं पाणी खारट लागतं. म्हणजे बांध आतून भुसभुशीत झाला. तेव्हा हातभर रुंद चर खणला तरी पुढचं काम भरती करते. त्याआधी घाई केली तर तळं समुद्रात रिकामं होतं आणि वाळू दोन दिवसांत तोंड बुजवून टाकते. एका वर्षी तळ्याचा कारभार बघणाऱ्या सरकारी कार्यालयाने नुसती तारीख बघून बांध कापला होता. हंसाच्या आकाराच्या बोटी अख्खा हंगाम चिखलात माना वर करून बसल्या आणि मेलेल्या माशांच्या वासाने लोकांनी खिडक्या उघडल्या नाहीत. त्यानंतर खारेपणा मोजायचं मीटर आलं. ते महिनाभरात बंद पडून कपाटात गेलं आणि लोक मामंजींनाच 'मीटर' म्हणायला लागले.

आज दुपारी मोठी भरती होती. ही हुकली तर पुढची पंधरा दिवसांनी. तेवढी सवड नव्हती. गवताखालचं पाणी सडू लागलं होतं आणि सकाळपासून मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते.

मामंजी पुढे तोंड करून बसले होते. नाव वळवण्याआधी तिने वाकून डावा हात पाण्यात सोडला आणि बोट तोंडात घातलं. खारट. चांगलं खारट. तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. मामंजी आता अंदाजाने बोलणार. 'थांबा' म्हणाले तर? चारचौघांत त्यांचा शब्द खोडायचा की तळं मरू द्यायचं? लग्न होऊन आली तेव्हा तिला पाण्याची भीती वाटायची. मामंजींनीच बांबू हातात देऊन तिला नाव शिकवली. ती पडली की ते काठावरून ओरडायचे, "उभी राहा पोरी, उभी राहा!"

काठावर वीस-पंचवीस माणसं फावडी घेऊन बसली होती. कार्यालयातले साहेब पुढे आले.

"काय मीटर, कापायचं का?"

मामंजी नावेतून उतरले. पँटचे दुमडलेले पाय त्यांनी सावकाश खाली केले.

"मीटर बिघडलंय, साहेब."

लोक हसले. मामंजी हसले नाहीत, तसं हसू विरून गेलं.

"थंडीतल्या तापापासून मला चव कळत नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. लाज वाटत होती." ते नावेकडे वळले. "पण हिने चाखलंय. माझ्या पाठीमागे. नाव डावीकडे कलली की मला कळतं. सांग, सूनबाई."

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळल्या. ती बांबू धरून तशीच बसून राहिली.

"उभी राहा, पोरी," मामंजी हळूच म्हणाले.

ती उभी राहिली.

"खारट आहे. कापा."

"नक्की?" साहेबांनी विचारलं. "चुकलं तर हंगाम गेला. बोटी तुझ्याच आहेत."

"म्हणूनच सांगतेय. कापा."

फावडी चालली. दुपारपर्यंत चर समुद्राला भिडला आणि तळ्याचं पाणी बाहेर धावू लागलं. तासभर ते नुसतं बाहेरच जात राहिलं. धक्क्याच्या खांबावर ओली रेघ उघडी पडली. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागत होतं. मामंजी मात्र शेजारी उभे होते, बांधाकडे नजर लावून.

मग चराच्या तोंडाशी फेस दिसला. बाहेर जाणारं पाणी अडखळलं, जागच्या जागी घुटमळलं आणि आत वळलं. दोन्ही कडांची वाळू धपाधप ढासळू लागली. माणसं फावडी टाकून मागे पळाली. साहेब बुटांसकट भिजले आणि तरीही टाळ्या वाजवत राहिले. पाण्याबरोबर बोटाएवढी पिल्लं चमकत आत शिरत होती. तिला एकदम रडू आलं, ते तिने लपवलंही नाही.

मामंजी गुडघाभर पाण्यात उतरले.

"चाख बघू. कसं लागतंय?"

तिने बोट जिभेला लावलं आणि ओल्या डोळ्यांनीच हसली.

"रविवारच्या चहासारखं."

मामंजी तिच्याकडे बघत राहिले. चांगला वेळ लागला त्यांना. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांनी करंगळी पाण्यात बुडवली, जिभेवर टेकवली आणि डोळे मिटले.

"झकास," ते म्हणाले.