तेरा खाचांचा फळा

मित्रांनो, माझ्या अंगावर तेरा खाचा आहेत. कॅन्ससमधल्या ऑर्डवे कॉलेजच्या बास्केटबॉल कोचच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर मी छत्तीस वर्षे होतो. प्रत्येक खाचेत एका खेळाडूच्या नावाची लाकडी पाटी बसायची. पाटी असली की त्या मुलाची फी, राहणे, जेवण, पुस्तके हे सारे कॉलेजकडे. पाटी नसली की ज्याचे त्याने पाहायचे. तेरापेक्षा जास्त शिष्यवृत्त्या द्यायच्या नाहीत असा नियम होता, म्हणून मला चौदावी खाच कधीच मिळाली नाही.

माझा जन्म कॉलेजच्या सुतारकामाच्या शेडमध्ये झाला. जुन्या मैदानाची मेपलची जमीन उखडली, तेव्हा ते लाकूड फेकून देणे एल्मर व्हिटकॉम या सुताराच्या जिवावर आले. त्याने चार फळ्या निवडल्या, घासल्या, जोडल्या. माझ्या डाव्या कोपऱ्यात मैदानावरच्या रेषेचा निळा रंग होता, तो मात्र त्याने तसाच ठेवला. मग सगळ्या खाचांना आतून मेण लावले. पोरे येणार, शिकून जाणार, पाट्या सरसर सरकल्या पाहिजेत, असे तो म्हणाला होता. पुढे त्या मेणाचा मला फार राग आला. पण त्यात एल्मरचा काय दोष?

पहिली पंचवीस वर्षे कोच प्रेविट यांची. शिष्यवृत्ती तशी एकेका वर्षाचीच असते, दर वसंतात तिच्यावर नव्याने सही लागते. प्रेविट ती सही दाढी खाजवत, न वाचताच करायचे. एकदा त्यांच्या एका पोराचा पाय ट्रॅक्टरखाली सापडला. तो पुन्हा खेळला नाही, पण त्याची पाटी पुढची दोन वर्षे माझ्या पाचव्या खाचेत होती. त्या काळात मला मान होता. वर्तमानपत्रवाले फोटो काढायला आले की खेळाडूंना माझ्यापुढे उभे करत. पाहुणे माझ्यावरून हात फिरवून लाकडाची तारीफ करत. मलाही वाटायचे, की ही पोरे मीच सांभाळतो आहे. किती वेडा होतो मी!

प्रेविट निवृत्त झाले आणि कोच हॅलोरन आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. सकाळी सहाला यायचे, भिंतीशी बोलल्यासारखे डाव आखायचे, पोटातल्या जळजळीसाठी खडूसारख्या गोळ्या चघळायचे. पण काळ बदलला होता. कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी आता कॉम्प्युटरवर दिसू लागली होती. आज या संघात असलेला पोरगा उद्या त्या यादीत, परवा तिसऱ्याच गावात. वसंत आला की कोच दिवसभर ती यादी वरखाली करत बसायचे. माझ्याकडे बघतानाही त्यांची नजर पाट्यांवर नसायची, पाट्या कुठे हलवता येतील यावर असायची.

त्यांचे मदतनीस होते ग्लेन ऑस्ट्रँडर. चांगले खेळाडू शोधून आणणे हे त्यांचे काम. आर्कान्सॉमधल्या एका लहान गावातून त्यांनी एक मुलगा शोधला, कॉर्विन टेट. फार उंच नव्हता, पण चेंडू कुठे जाणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचे. त्याला आणायला दोघे कोच त्याच्या घरी गेले. त्याची आई, ओडेसा टेट, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिने त्यांना तळलेला मासा आणि पीच भरून भाजलेली गोड पेस्ट्री वाढली. कोच हॅलोरननी पेस्ट्री दोनदा मागून घेतली. तिने एकच गोष्ट विचारली. पोरगा खेळला नाही तरी शिकेल ना? कोचनी हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "मिसेस टेट, तुमचा मुलगा पदवी घेऊनच आमच्याकडून बाहेर पडेल. हा माझा शब्द."

हे मला ग्लेननी सांगितले. म्हणजे, कॉर्विनची पाटी माझ्या नवव्या खाचेत सरकवताना ते खोलीतल्या सेक्रेटरीबाईंना सांगत होते, आणि मी ऐकत होतो.

कॉर्विन खोलीत आला की खोली उजळायची. ग्लेनच्या टायची तो रोज टिंगल करायचा. "सर, हा टाय आजोबांचा की पडद्याचा उरलेला तुकडा?" ग्लेन त्याला बाहेर हाकलायचे आणि हसायचे. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत, एका जिंकत आलेल्या सामन्यात, मैदानाबाहेर निघालेला चेंडू वाचवायला तो खुर्च्यांच्या रांगेत घुसला. चेंडू वाचला. सामना जिंकला. त्याचा उजवा गुडघा मात्र गेला. ऑपरेशन झाले, वर्षभर व्यायाम झाला, पण ती आधीची उसळी परत आली नाही. तिसऱ्या वर्षी तो फारसा खेळला नाही. बाकावर बसून नव्या मुलांना शिकवायचा. त्याला गणिताचा शिक्षक व्हायचे होते, आणि पदवीला एकच वर्ष उरले होते.

मग एप्रिल आला. संघ त्या वर्षी सपाटून हरला होता. पुढच्या मोसमात दहा सामने तरी जिंका, नाहीतर नवी नोकरी शोधा, असे वरून कोचना बजावले होते. आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटरच्या यादीत एक नाव आले. ब्रॅडी लुंडग्रेन, उंची सात फुटाला दोन बोटे कमी, मोठ्या विद्यापीठातून बाहेर पडलेला. फोनवर त्याने होकार दिला. कोच माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तेरा खाचा," ते म्हणाले. "चौदावी कुठून आणू?"

 कोचचे बोट नवव्या खाचेवर येऊन थांबले, तेव्हा ग्लेन म्हणाले, "कोच, त्याच्या आईला आपण शब्द दिलाय."

"तेव्हा त्याचा गुडघा धड होता."

"एकच वर्ष राहिलंय त्याचं."

"माझंही एकच राहिलंय, ग्लेन. तुझंही. काढ ती पाटी."

ग्लेन म्हणाले, मी नाही काढणार. कोच म्हणाले, लावलीस तूच.  शेवटी ग्लेनच पुढे आले. मित्रांनो, मी सगळ्या अंगाने ती पाटी धरून ठेवायचा प्रयत्न केला. लाकडाला जेवढे फुगता येते तेवढे फुगलो. पण एल्मरने मेण लावले होते. एका बोटाने पाटी सरकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉर्विनला बोलावले. पुढच्या वर्षी आपल्याला कप्तान करणार असे त्याला वाटले असावे, कारण तो नवा शर्ट घालून आला होता. कोच फोनवर होते. त्यांनी हातानेच बस म्हणून खूण केली. कॉर्विन बसला नाही. सवयीप्रमाणे माझ्याकडे वळला. वरून खाली वाचत गेला आणि नवव्या खाचेपाशी अडखळला. मग तो वाकून माझ्याखालची जमीन बघू लागला.

"कोच, माझी पाटी खाली पडली का कुठं?"

ती बातमी त्याला कोचनी दिली नाही, मित्रांनो. मी दिली. तोंड असते तर मी दुसरे काहीतरी सांगितले असते. पण मला फक्त दाखवता येते, आणि जे असेल तेच दाखवता येते.

कोचनी फोन ठेवला. तुला जास्त खेळायला मिळेल अशी जागा तू शोधावीस असे आम्हाला वाटते, वगैरे बोलले. कॉर्विनने विचारले, मी न खेळता इथेच शिकलो तर? कोच म्हणाले, अवश्य शीक, फक्त शिष्यवृत्ती नसेल. हे म्हणताना त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले, ते आधीच सारखे होते.  कॉर्विन म्हणाला, "आईला तुम्ही सांगाल का? मला नाही जमणार."

कोचनी सांगतो म्हटले. सांगितले नाही. दोन आठवड्यांनी त्याचे सामान न्यायला ओडेसा टेट स्वतः आल्या. नऊ तास गाडी चालवून आल्या होत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि एकेक नाव हळू आवाजात वाचत गेल्या. नववे नाव लुंडग्रेन होते.

"ह्या सगळ्यांच्या घरी तुम्ही जेवला असाल," त्या म्हणाल्या.

कोच म्हणाले, "बाई, यात वैयक्तिक काही नाही. खेळाची दुनियाच तशी झालीय."

"मी दुनियेला जेवायला बोलावलं नव्हतं, कोच. तुम्हाला बोलावलं होतं."

 ग्लेन दाराशी उभे होते. त्या बाहेर पडताना त्यांनी वाट दिली, पण मान वर केली नाही. खिडकीतून मला दिसले. मायलेक गाडीत खोकी भरत होते, आणि कॉर्विन लंगडत लंगडत गादीचे एक टोक धरून होता.

लुंडग्रेन आलाच नाही. जूनमध्ये त्याला याहून मोठ्या कॉलेजाने बोलावले आणि त्याने ग्लेनना चार ओळींचा निरोप पाठवला. कोचनी ती पाटी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि कॉर्विनला फोन लावायला सांगितले. कॉर्विन तोवर ओक्लाहोमातल्या एका लहान कॉलेजात दाखल झाला होता. ऑर्डवेत पास झालेले त्याचे निम्मे विषय तिथे धरलेच नाहीत. पदवीला दोन वर्षे लागणार होती, आणि शिष्यवृत्ती एकाच वर्षाची होती. ऑर्डवेत परतायचा कागद करायला आता उशीर झाला होता. हे सारे तो ग्लेनना फोनवर शांतपणे सांगत होता, आणि ग्लेन नुसते हो, हो, म्हणत होते. माझी नववी खाच ते पूर्ण वर्ष रिकामी राहिली. जागा होती, मित्रांनो! ज्या जागेसाठी त्याला घालवले, ती जागा वर्षभर माझ्या अंगावर उघडी पडली होती.

तो मोसम संपायच्या सुमारास कॉर्विनचा पुन्हा फोन आला. त्याने शिक्षण सोडले होते. टायरच्या गोदामात नोकरी मिळत होती, पण ओळखीच्या माणसाचे पत्र हवे होते. ग्लेननी त्याच टेबलावर बसून ते लिहिले. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून पाहिले. 'मी पाहिलेल्या मुलांमध्ये सर्वांत भरवशाचा. हा दिलेला शब्द पाळतो.'  पत्र पाकिटात घातले, आणि महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. आता एका शाळेत मुलांना खेळ शिकवतात म्हणे.

संघ सात सामने जिंकला. मार्चमध्ये एक माणूस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला आणि त्याने दारावरचे हॅलोरन यांचे नाव काढले. मला आनंद होईल असे वाटले होते. झाला नाही. कोचनी आपल्या गोळ्यांची बाटली खोक्यात टाकली, मुलीचा फोटो बगलेत धरला आणि निघून गेले.

नव्या कोचनी भिंतीवर मोठा स्क्रीन लावला. त्यावर नावे बोटाच्या स्पर्शाने येतात आणि जातात, खाच लागत नाही. मला तळघरात, मोडक्या खुर्च्यांमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवले आहे. बारा पाट्या अजून माझ्यात आहेत. त्या काढायचीही कुणाला गरज वाटली नाही. त्या बारांतले नऊजण कॉलेज सोडून गेले, असे साफसफाईला येणाऱ्या बायका एकमेकींत बोलत होत्या. ओलीने माझे लाकूड आता खरेच फुगले आहे. पाट्या घट्ट बसल्या आहेत. उपयोग काय?

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातल्या कुणाच्या तरी हातात एक दिवस दुसऱ्यांची नावे लावण्याचे आणि काढण्याचे काम येईल. जागा कमी असतात, हे मला माझ्या अंगावरून माहीत आहे. कधी एखादे नाव काढावेही लागेल. पण कुणाच्या घरी बसून शब्द देण्याआधी जरा थांबा. उद्या हेच दार पुन्हा वाजवून, त्या माउलीपुढे मान वर करून उभे राहता येईल का, एवढे स्वतःला विचारा. उत्तर नाही असे आले, तर जेवण झाल्यावर आभार मानून उठा, आणि शब्द देऊ नका.